थोडं थोडं पेट्रोल

आर्लिसचं म्हणणं असं, की भाव चढत असले की टाकी एका जागी कधी भरू नये. लागेल तेवढंच घ्यावं, पुढे सरकावं, पुढच्या गावात बघावं. तिथे गॅलनमागे पाच-सात सेंट कमी असले तर फायदाच, आणि नसले तरी आपण तेवढे पुढे आलेलो असतो. तिच्या तरुणपणी पेट्रोलची टंचाई पडली होती आणि पंपांवर रांगा लागल्या होत्या. तेव्हापासून ती हेच करत आली होती. डनमोरच्या पंपावरची लावॉन तिला यावरून चिडवायची. आर्लिसची गाडी वळताना दिसली की काउंटरमागूनच विचारायची, "काय आर्लिस, आज वाटी आणलीस की चमचा?" आर्लिसही ऐकून घेणारी नव्हती. म्हणायची, "चमचाच. वाट्या तुझ्यासारख्या श्रीमंतांना."

डार्सी ही आर्लिसची सून. सासूच्या बऱ्याच गोष्टी तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडल्या होत्या, पण ही एक तिने मुकाट्याने उचलली होती, कारण या वर्षी ती पटण्यासारखीच होती. लावॉनच्या पंपावरच्या पाटीवरचे आकडे दर दोन-तीन दिवसांनी बदलत होते, आणि बदलले की वरच जात होते. आणि डार्सीचा मुलगा, ओरिन, बिलिंग्जच्या हॉस्पिटलात होता. डनमोरपासून पावणेदोनशे मैलांवर.

ओरिन तीन महिने आधी जन्माला आला. तेव्हा तो त्याच्या बापाच्या, ट्रेव्हच्या, कामाच्या एका बुटात मावला असता. आता त्याला गाल आले होते, हनुवटीखाली एक वळी पडली होती, आणि श्वास तो आपला आपण घेत होता. एकच गोष्ट राहिली होती. त्याला तोंडाने दूध घेता येत नव्हतं. नाकातून पोटात गेलेल्या बारीक नळीने त्याला दूध मिळायचं, आणि सगळं दूध तोंडाने घेईपर्यंत त्याला घरी सोडणार नव्हते. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एकदम करणं अशा बाळांना आपोआप येत नाही, शिकवावं लागतं. शिकवणारी बाई, रोवेना, त्या वॉर्डात फक्त गुरुवारी यायची, दुपारी दोनच्या पाजण्याच्या वेळेला. तिला आई लागायची. आईच्या अंगाचा वास असला की बाळ निम्मं काम स्वतःच करतं, असं ती म्हणायची.

डार्सीचे दोन गुरुवार चुकले होते. एका गुरुवारी घरच्या पिकअप ट्रकच्या इंजिनाचा पट्टा तुटला. दुसऱ्या गुरुवारी काही तुटलं नव्हतं, फक्त तिचा पगार व्हायला चार दिवस होते आणि टाकी रिकामी होती. त्यानंतर डॉक्टर हॅलोरन फोनवर अगदी हळू बोलल्या होत्या. या गुरुवारी जर रोवेनाला काही प्रगती दिसली नाही, तर ओरिनच्या पोटाला बाहेरून एक छिद्र पाडून तिथे कायमची नळी बसवण्याचा विचार करावा लागेल, म्हणाल्या. कायमची म्हणजे अगदी कायमची नाही, पण वर्ष, दोन वर्षं. कधी जास्त. डार्सीने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. ती म्हणाली, "मी येते. गुरुवारी दोनला मी तिथे असेन."

मग तो गुरुवार आला. डार्सी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा तिच्या त्या नोकरीवर होता. बाळंतपणाची रजा कधीच संपली होती. ही एक सुट्टी तिने सोबतच्या बाईबरोबर अदलाबदल करून मिळवली होती. ट्रेव्ह रस्त्याच्या कामावर जायचा. त्याने ट्रक तिच्यासाठी ठेवला आणि स्वतः एका सोबत्याच्या गाडीत बसला. मध्यरात्री त्याचा पगार बँकेत आला होता, हप्ते कापून पावणेचारशे डॉलरच्या वर थोडेच उरले होते, आणि कार्ड तिच्याकडे होतं. जाताना खिडकीतून वाकून म्हणाला, "पूर्ण भर, डार्स. आईचं ऐकत बसू नकोस."

ती बरं म्हणाली.

स्वतःच्या दुधाच्या बाटल्या तिने रात्रीच फ्रीझरमध्ये गोठवून ठेवल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, ओरिनचं नाव. त्या निळ्या बर्फाच्या पेटीत रचून पेटी तिने शेजारच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला, बाळाला लावावा तसा. पंपावर आली तेव्हा अजून नीट उजाडलं नव्हतं. लावॉनचं दार बंद होतं, आत अर्धाच दिवा होता, पण पंप चालू होते. पाटीवरचा आकडा सोमवारपेक्षा नऊ सेंटांनी वर होता. डनमोरमध्ये माणसं आधी भरतात, मग आत जाऊन पैसे देतात आणि पाय दुखेपर्यंत बोलत उभी राहतात. आज आत कोणी नाही असं धरून डार्सीने पंपाच्याच फटीत कार्ड सरकवलं. नळी टाकीत घातली आणि आकडे पळताना बघत राहिली. पूर्ण भर, असं ट्रेव्ह म्हणाला होता. पण नऊ सेंट. वाटेतल्या माइल्स सिटीला पोचण्यापुरतं झालं तसा तिने हात सोडला.

वारा समोरून होता. जुना ट्रक वाऱ्यात जास्तच प्यायचा. गवताच्या टेकड्या, तारांची कुंपणं, मध्येच कुंपणाला नाक लावून उभी असलेली हरणं. ती मनातल्या मनात ओरिनशी बोलत होती. आज तू नुसतं ओढायचंस, बाकीचं मी बघते, असं सांगत होती. डाव्या कुशीवर धरायचं, हनुवटीला एक बोट द्यायचं, घाई करायची नाही, रोवेनाने पहिल्यांदा दाखवलं होतं ते सगळं तिने वाटेत पुन्हा पुन्हा घोकलं.

माइल्स सिटीला तिने पहिल्या पंपावर कार्ड घातलं, थोडं घेतलं, आणि नळी हातात असतानाच तिला समोरच्या बाजूची पाटी दिसली. तिथे चार सेंट कमी होते. तिने जीभ टाळ्याला लावून चुक् केलं, नळी अडकवली, रस्ता ओलांडला आणि तिकडे पुन्हा कार्ड घालून उरलेलं घेतलं. पुढच्या गावात, फोरसाइथला, आणखी कमी असेल, बिलिंग्जपर्यंतचं तिथे घेऊ, असा हिशेब केला. निघताना तिला हसूच आलं. हे आर्लिसला सांगितलं तर ती आठवडाभर गावात मिरवेल, असं तिच्या मनात आलं.

फोरसाइथच्या पंपाने कार्ड घेतलं नाही. तिने पुसून पुन्हा घातलं. पडद्यावर अक्षरं आली, की आत भेटा.

आत गेलन नावाचा एक आडवा माणूस काउंटरवर होता, डोक्याला बियाण्यांच्या कंपनीची टोपी. त्याच्या मागे काचेत सॉसेज गोल गोल फिरत होते. त्याने आपल्या यंत्रात कार्ड घातलं आणि मान हलवली. डार्सी म्हणाली, असं होणारच नाही, आजच पगार जमा झालाय. गेलनने तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, सकाळपासून कुठे कुठे भरलंत? तिने सांगितलं. घरी थोडं, माइल्स सिटीला थोडं, समोरच्या बाजूला थोडं. बाहेरच्या पंपावरच कार्ड घातलंत का, त्याने विचारलं. ती हो म्हणाली. गेलनने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली.

"पंपाला काय माहीत तुम्ही किती घेणार? टाकी भराल, की दहाचं घ्याल. म्हणून कार्ड घातलं की तो आधीच सव्वाशे डॉलर धरून ठेवतो. पूर्वी कमी धरायचे. भाव चढले तसं हेही चढलं."

"धरून ठेवतो म्हणजे?"

"म्हणजे पैसे तुमचेच. फक्त हात लावायचा नाही."

"किती वेळ?"

"दोन दिवस. तीन दिवस. बँकेची मर्जी."

डार्सीने विचारलं, तीन ठिकाणी घेतलं म्हणजे तीन वेळा धरले का. घेतलं किती होतं, तर एक टाकीही भरली नसती. गेलन म्हणाला, किती घेतलं ते विचारत नाही तो, किती वेळा कार्ड घातलं तेवढंच बघतो. मग जरा खाली आवाजात म्हणाला, "आत येऊन माणसाला सांगायचं, चार नंबरवर दहाचं दे. मग दहाच जातात. थोडं थोडं घेणाऱ्याने बाहेर कार्ड घालायचं नसतं, मॅडम."

रोख म्हणून तिच्याकडे ट्रकच्या राखदाणीतली चिल्लर होती. उधारीचं दुसरं कार्ड त्यांनी ओरिनच्या पहिल्या महिन्यातच वापरून संपवलं होतं. तिने बँकेला फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग बराच वेळ संगीत, मग एक मुलगी. ती फार गोड बोलली. पैसे तुमचेच आहेत, म्हणाली, पण पंपवाले सोडेपर्यंत आमच्या हातात काही नाही. माइल्स सिटीच्या पंपावर फोन केला तर तिथला म्हणाला, आमच्याकडून सुटलेत, बँकेला विचारा. ट्रेव्हचा फोन लागला नाही. तो टेकड्यांच्या मागे कुठेतरी डांबर पसरत असणार. तिथे कधीच लागत नसे.

मग तिने लावॉनला लावला. लावॉनने सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, दार वाजवायचं होतंस," ती म्हणाली. "मी आत फरशी पुसत होते."

लावॉनने सांगितलं, तिचा पंपही यंत्रानेच धरतो, तिला सोडवता येत नाही. पण माझ्या कार्डाचे आकडे सांगते, त्या माणसाला दे, म्हणाली. गेलन दिलगिरीने म्हणाला, फोनवरून कार्ड घ्यायला मालकाची सक्त मनाई आहे, मागे एकाने फसवलं होतं. लावॉनने त्याला फोनवरच जे काही ऐकवलं, ते ऐकून त्याचे कान लाल झाले. पण त्याने घेतलं नाही.

या फोनाफोनीत साडेअकरा होऊन गेले होते. डार्सीचे स्तन भरून दगडासारखे झाले होते. तिने ट्रक भिंतीकडेला लावला, जाकीट खांद्यावरून पुढे ओढलं आणि हातपंपाने दूध काढायला बसली. समोर पंपाची आठ यंत्रं होती. लोक येत होते, कार्ड घालत होते, जात होते. कोणी वर बघतही नव्हतं. बाटलीत दूध चढत होतं आणि तिला राहून राहून वाटत होतं, आपण उठून त्या प्रत्येकाला सांगावं, मला शंभर मैल जायचंय. पण डनमोरमध्ये माणसं मागत नाहीत. तिथे शेजारी बघतात, विचारतात, आणि मग मदत घेणारा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतो. इथे तिला बघणारं कोणी नव्हतं. मागायचं कसं, हे ती कुठे शिकलीच नव्हती.

ती बाटली घेऊन बर्फ मागायला आत आली, तेव्हा काउंटरवर एक म्हातारा गेलनशी वाद घालत होता. बाहेर त्याची घराएवढी मोटार उभी होती. त्याचा पंप सव्वाशेवर आपोआप थांबला होता आणि टाकी निम्मीही झाली नव्हती. गेलन म्हणत होता, एका वेळी तेवढीच मर्यादा आहे, कार्ड परत घाला, पुन्हा सुरू होईल.

"माझ्या पैशाला मर्यादा घालणारा तू कोण?"

"मी? मी इथे सॉसेज फिरवतो."

म्हाताऱ्याची बायको, पांढरे केस, काखेत केसाळ कुत्रं, बर्फाच्या यंत्रापाशी उभी होती. तिची नजर डार्सीच्या हातातल्या बाटलीवर गेली. किती महिन्यांचं, तिने विचारलं. डार्सी म्हणाली, तीन, पण खरं तर आत्ता कुठे जन्मायला हवा होता. हॉस्पिटलात आहे, त्याच्यासाठी नेतेय. त्यापलीकडे तिच्या तोंडून काही निघालं नाही. बाकीचं गेलनने सांगितलं, यंत्रातली पावती फाडता फाडता, कोणाकडे न बघता. कार्ड अडकलंय हिचं, दोनला बिलिंग्जला पोचायचंय.

म्हातारा म्हणाला, पंपावर प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. मागच्या आठवड्यात एकाची आई मरायला टेकली होती, त्याला वीस दिले, तर तो पुढच्या गावात बिअर घेताना दिसला. डार्सीचा चेहरा तापला. ती बाटली बर्फात खोचून दाराकडे वळली.

"व्हर्ल," म्हातारी म्हणाली, "तुला कार्ड परत घालायचंच आहे ना? मग नळी आधी तिच्या ट्रकमध्ये घाल."

व्हर्लने घातली. नळी त्याने स्वतःच धरली, तिच्या हातात दिली नाही, आणि सगळा वेळ आकड्यांवर डोळे ठेवून उभा राहिला. डार्सी नको म्हणाली. दुसऱ्यांदा नको म्हणायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, तोंड मिट आणि चावी लाव, उशीर तुला झालाय. बिलिंग्जला जाऊन इथवर परत येता येईल इतकं झालं तसा त्याने हात सोडला. त्याची बायको खिडकीशी येऊन कुत्र्याचा पंजा हलवत होती. तोवर एक वाजून गेला होता.

पुढचे शंभर मैल तिला नंतर कधी आठवले नाहीत. एवढंच आठवलं, की घड्याळात दोन वाजले तेव्हा ती एका धान्याच्या ट्रकमागे अडकली होती आणि नेमक्या त्याच क्षणी, सवयीने, तिच्या अंगातून दूध सुटलं. सदरा पुढून भिजला.

वॉर्डात ती हात धुऊन शिरली तेव्हा ओरिन झोपला होता. त्याची नर्स जॉर्जीन, जिला ही सगळी बाळं शेजारच्या पोरांसारखी वाटायची, उठून उभी राहिली. तिने उशीर का झाला हे विचारलं नाही. रोवेना अडीचपर्यंत थांबली, म्हणाली. शेवटी तिने बाटलीने देऊन बघितलं. त्याने दोनदा ओढलं, मग दमला, ओठ जरा निळे झाले, म्हणून थांबवलं. रोवेनाला दुसऱ्या गावाला जायचं होतं. तिने जे दिसलं ते लिहिलं आहे.

डॉक्टर हॅलोरन आल्या, खुर्ची ओढून डार्सीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. दोन वाटा आहेत, म्हणाल्या. एक, आईने इथेच राहायचं. दिवसातून जेवढ्या वेळा तो जागा होईल तेवढ्या वेळा त्याला छातीशी घ्यायचं. दोन आठवडे, कदाचित तीन. पुष्कळ मुलं असं केल्याने शिकतात. दुसरी, पोटातली नळी. छोटं ऑपरेशन, पुढच्या आठवड्यात करता येईल, आणि त्यानंतर काही दिवसांत तो घरी जाऊ शकेल. त्याला दूध नळीने मिळेल आणि तोंडाने घेणं तो घरी, सावकाश, शिकेल. किंवा मोठा झाल्यावर.

"मी रोज आले तर?" डार्सीने विचारलं.

"रोज पावणेदोनशे मैल?"

डार्सीने हिशेब मांडला. इथे राहावं तर शाळेतली नोकरी जाणार. नोकरी गेली की विमा जाणार, आणि विमा गेला की या खोलीतला एक दिवसही त्यांना परवडणार नव्हता. रोज यावं तर ट्रेव्हचा सगळा पगार टाकीत ओतूनही पुरला नसता. तिने त्या दोन्ही वाटा मनातल्या मनात परत परत चालून पाहिल्या. दोन्ही त्याच पंपापाशी येऊन थांबत होत्या. डॉक्टर म्हणाल्या, आजच सांगायला हवं असं नाही. पण पुढच्या आठवड्याची जागा ठेवायची तर संध्याकाळपर्यंत कळलं तर बरं.

पाचच्या पाजण्याला तिने त्याला उघड्या छातीवर घेतलं. तो इतका ऊबदार होता, की तिला क्षणभर वाटलं, दिवसभर आपणच थंड पडलो होतो. त्याच्या टाळूवरचे केस तिच्या श्वासाने हलत होते. त्याने डोकं इकडून तिकडे घासलं, तोंड उघडलं, हरवलं, पुन्हा शोधलं. तिने हनुवटीला बोट दिलं. आणि त्याने धरलं. एकदा ओढलं. थांबला, श्वास घेतला. पुन्हा ओढलं, आणि तिच्या कानाला तो आवाज आला, अगदी बारीक, घशातून खाली उतरणारा. गट्. मग पुन्हा. ओठ गुलाबीच होते.

"जॉर्जीन," तिने हाक मारली, मोठ्याने नाही, तो दचकेल म्हणून. "त्याने गिळलं. आत्ता. ये, बघ."

जॉर्जीन पलीकडच्या बाळाची तार नीट करत होती. ती येईपर्यंत ओरिन झोपला होता. ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा एक ओघळ मानेच्या वळीत उतरला होता. दोघी वाट बघत राहिल्या. डार्सीने त्याचा तळवा चोळला, कान चोळला. तो उठला नाही. त्याचा आजचा दम संपला होता.

जॉर्जीन तिच्याशेजारी बसली. "तू म्हणतेस तर गिळलंच असेल," ती म्हणाली. "मी तसं लिहिते. पण मी खोटं नाही बोलणार तुझ्याशी. हे उद्या पाच-सहा वेळा व्हायला हवं. परवा सगळ्या वेळा. आई जवळ असेल तर होतं, मी पाहिलंय."

"उद्या सकाळी मी शाळेत बटाटे कुस्करत असेन."

"माहीत आहे मला."

सहाच्या सुमारास ट्रेव्हचा फोन आला. त्याला लावॉनकडून सगळं कळलं होतं. मी म्हटलं होतं पूर्ण भर, असं तो म्हणाला. ती हो म्हणाली. यापेक्षा जास्त तो त्यावर कधीच बोलला नाही. मग तिने त्याला दोन्ही वाटा सांगितल्या आणि गिळल्याचंही सांगितलं. त्याच्या मागे कोणीतरी ट्रकचा फाळका आपटत होतं.

"नळी घातली तर घरी येईल?"

"येईल."

"तू त्याला धरलं होतंस. तुला काय वाटतं?"

डार्सीने काचेतून आत बघितलं. जॉर्जीन त्याच्या नाकातल्या नळीतून तिचंच दूध हळूहळू सोडत होती. "मला वाटतं, तो शिकला असता," ती म्हणाली.

ट्रेव्हला उत्तर कळलं. मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "डार्स, आईला सांगू नकोस हां. कुठे कुठे कार्ड घातलंस ते. तिला झोप लागायची नाही."

तिने ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही केली. आधी पेन चाललं नाही, जॉर्जीनने आपलं दिलं. निघताना तिने ओरिनच्या पोटावर, दुपट्याखाली, तळहात ठेवला. कातडी अजून नुसती कातडी होती, गुळगुळीत, अखंड, बेंबीच्या वरची. तिने हात बराच वेळ काढला नाही.

हॉस्पिटलातल्या एका बाईने तिला परतीसाठी पेट्रोलसाठी पैसे भरलेलं एक छोटं कार्ड दिलं. अशी कार्डं त्या बाईच्या खणात भरपूर होती. आधी मागितलं असतंत तर आधीही दिलं असतं, ती म्हणाली. डार्सीने मान हलवली.

फोरसाइथला थांबली तेव्हा ऊन पंपांच्या मागे खाली उतरलं होतं. ती पंपाकडे वळलीच नाही. सरळ आत गेली, कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, चार नंबरवर हे सगळं दे. गेलनने तिला ओळखलं.

"पोचलात का वेळेवर?"

"हो."

"आणि पोरगा?"

"घरी येतोय. पुढच्या आठवड्यानंतर."

गेलनचा चेहरा उजळला. त्याने एक सॉसेज पावात घालून कागदात गुंडाळलं आणि पैसे न घेता पुढे सरकवलं. तिने एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदाही म्हटलं, मग घेतलं. बाहेर नळी टाकीत घालून ती उभी राहिली, तेवढ्यात फोन वाजला. आर्लिस होती. ट्रेव्हने सांगितलं, म्हणाली, बाळ घरी येतंय. तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. पाळणा रंगवायला काढलाय, म्हणाली, पांढरा रंग आणलाय. मग एकदम आठवल्यासारखं तिने विचारलं, वाटेत पेट्रोलचं कसं काय केलंस, मी सांगितलं तसं थोडं थोडं घेतलंस ना?

पंपावरचे आकडे पळत होते. कार्डात होतं तेवढं झालं आणि ते आपणहून थांबले.

"हो, आर्लिस," डार्सी म्हणाली. "थोडं थोडंच घेतलं."